स्टेनलेस स्टीलच्या सुरीचं पातं भट्टीत ठेवण्याआधी फॉइलमध्ये का गुंडाळतात?

गावातला लोहार कोयत्याला ‘पाणी देतो’ ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पातं भट्टीत लाल करायचं, पाण्यात किंवा तेलात बुडवायचं, की ते कडक झालं! पण स्टेनलेस स्टीलच्या सुऱ्या करणारे कारागीर पातं आधी धातूच्या पातळ पत्र्यात पुडीसारखं बांधतात आणि मगच भट्टीत ठेवतात. हा खटाटोप कशासाठी?

नुसतं लाल करून भागत नाही

कोयत्याच्या साध्या पोलादाला साधारण ८०० अंश सेल्सियस तापमान पुरतं. स्टेनलेस स्टीलमध्ये मात्र क्रोमियम भरपूर असतं. सुऱ्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘४४० सी’ या प्रकारात ते सुमारे १७ टक्के असतं. हे क्रोमियम कार्बनशी संयोग पावून कठीण कणांच्या रूपात बसलेलं असतं. हे कण पोलादात पुरेसे विरघळावेत म्हणून पातं हजार अंशांच्या वर, बहुतेकदा १०१० ते १०८० अंशांवर, १० ते ३० मिनिटं ठेवावं लागतं.

हवा काय बिघडवते?

इतक्या उष्णतेत उघडं पातं ठेवलं तर हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्यावर काळे खवले धरतात. ते घासून काढता येतात. खरं नुकसान त्यांच्या खाली होतं. पृष्ठभागातला कार्बन निघून जातो आणि तो थर मऊ पडतो. क्रोमियमही खवल्यांमध्ये खर्ची पडतं, त्यामुळे खालचा थर गंजाला तोंड देऊ शकत नाही. म्हणजे धार आणि ‘स्टेनलेस’पणा, दोन्हींवर पाणी!

पुडी कशी बांधतात?

घरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल इथे अजिबात चालत नाही. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांनाच वितळतं. त्यामुळे ही फॉइलसुद्धा स्टेनलेस स्टीलचीच असते. तिची जाडी साधारण ०.०५ मिलिमीटर. ‘३२१’ प्रकारची फॉइल सुमारे १०९० अंशांपर्यंत टिकते, त्यापुढे ‘३०९’ लागते.

पातं आत ठेवून कडा दोनदा दुमडतात आणि दाबून घट्ट बसवतात. हवा शक्य तेवढी बाहेर काढतात. काही जण आत कागदाचा छोटा तुकडाही ठेवतात. तो जळताना उरलेला ऑक्सिजन संपवतो. या फॉइलच्या कडा ब्लेडसारख्या कापतात, म्हणून हातमोजे हवेतच.

पाण्याऐवजी दोन पाट्या

बहुतेक स्टेनलेस पोलाद हवेतही कडक होतं, पण लवकर थंड केलेलं चांगलं. म्हणून भट्टीतून काढलेली पुडी न उघडता अ‍ॅल्युमिनियमच्या दोन जाड पाट्यांमध्ये दाबतात. पाट्या उष्णता झपाट्याने ओढून घेतात आणि पातं वाकतही नाही. पुडी तेलात टाकली तर फॉइल आणि पातं यांच्यात राहिलेली हवा आड येते, आणि थंड होण्याचा वेग कमी पडतो.

यानंतर काही कारागीर पातं कोरड्या बर्फात (उणे ७८ अंश) किंवा द्रव नायट्रोजनमध्ये (उणे १९६ अंश) ठेवतात, म्हणजे कडक व्हायचं राहिलेलं पोलादही बऱ्याच अंशी कडक होतं. शेवटी ठिसूळपणा जावा म्हणून साधारण १५० ते २०० अंशांवर दोन-दोन तास, असं दोनदा तापवतात.

शेफील्डचा धडा

इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये स्टेनलेस पोलाद तयार केलं. तिथल्या कारागिरांनी सुरुवातीला जुन्या सवयीने साध्या पोलादासारखंच ते तापवलं, आणि सुऱ्या नीट कापेनात. ‘न कापणाऱ्या सुऱ्यांचा शोध लावणारा’ अशी ब्रिअर्ली यांची थट्टाही झाली. दोष पोलादाचा नव्हता, तापवण्याच्या पद्धतीचा होता.

आज मोठे कारखाने हवा काढून टाकलेल्या निर्वात भट्ट्या वापरतात. छोट्या कारागिराला ती परवडत नाही, त्याचं काम ही पुडी करते. म्हणून सुरी घेताना पात्यावर कोरलेलं पोलादाचं नाव वाचून थांबू नका. ते नाव फक्त कच्चा माल सांगतं. धार किती टिकेल आणि गंज चढेल का, हे बरंचसं भट्टीतल्या त्या काही मिनिटांत ठरलेलं असतं.