सैरंध्रीच्या हातातील फणी

मराठीत 'शृंगार' हा एकच शब्द नटण्यालाही चालतो आणि प्रेमालाही. नऊ रसांत त्याला पहिले स्थान, आणि नवरीच्या आरशापुढेही तोच. कन्नडातही हा शब्द आहे. दखनीत त्याचा 'सिंगार' झाला. हळ्ळीखेड (बी) परिसरातील आम्हां मंडळींना या तिन्ही भाषा एकाच गल्लीत ऐकू येतात. गावाच्या नावातच पाहावे : 'हळ्ळी' म्हणजे कन्नडातले खेडे, 'खेड' म्हणजे मराठीतले, आणि कंसातला 'बी' म्हणजे फारसीतला 'बुजुर्ग', ज्याला पलीकडे महाराष्ट्रात 'बुद्रुक' म्हणतात. शृंगाराचे हे दोन अर्थ एक स्त्री दुसऱ्या स्त्रीला नटवीत असताना एकत्र आले काय, आणि आले तर इतिहासाने त्याची नोंद कशी ठेवली, हा शोध याच भाषांच्या आधाराने घ्यावा असे आम्हांस वाटले. विषय नाजूक आहे, काहींना अप्रशस्तही वाटेल. जुन्या ग्रंथांना मात्र तो तसा वाटलेला दिसत नाही.

पहिली साक्ष विराटपर्वाची. अज्ञातवासात द्रौपदी सुदेष्णेकडे गेली ती सैरंध्री होऊन. सैरंध्री म्हणजे केवळ दासी नव्हे. परक्या घरी स्वतःच्या कलेवर राहणारी प्रसाधिका. केस गुंफणे, उटणी वाटणे, माळा ओवणे ही कामे आपणांस येतात असे ती सांगते. पूर्वी सत्यभामेकडे आणि पांडवांच्या द्रौपदीकडे होते, असा दाखलाही देते. स्वतःलाच जुनी मालकीण करण्याची ही युक्ती मोठी गमतीची आहे. उष्टे खाणार नाही, कोणाचे पाय धुणार नाही, असे ती आरंभीच सुचविते. सुदेष्णेला भीती वाटते ती राजाची. पण ही भीती सांगताना राणी काय म्हणते, इकडे आमच्या मते पुरेसे लक्ष गेलेले नाही. ती म्हणते की, माझ्या महालातील स्त्रियासुद्धा तुझ्याकडे आसक्त होऊन पाहत आहेत, अंगणातली झाडेदेखील तुझ्यापुढे वाकल्यासारखी दिसतात; मग पुरुषाची काय कथा? स्त्रीची नजर स्त्रीवर जडू शकते हे येथे सिद्ध करावयाचे नाही. ते सर्वांना ठाऊकच आहे असे धरून त्यावर दुसरा युक्तिवाद रचला आहे. एवढे बोलून कथा पुढे जाते.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकाने १९०७ साली ही सैरंध्री घराघरांत नेली आणि १९१०मध्ये सरकारने त्या नाटकावर बंदी घातली. कीचकात लोकांनी कर्झन पाहिला, सैरंध्रीत गांजलेली प्रजा पाहिली. तिच्या हातातली फणी कोणी पाहिली नाही. ते त्या काळाला साजेसेच होते.

आता आपल्या दाराशी येऊ. ज्या कल्याणला आपण आज बसवकल्याण म्हणतो, तेथील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर ११२९च्या सुमारास सिद्ध झालेला 'मानसोल्लास' हा ग्रंथ आहे. मराठी पदांच्या जुन्या नमुन्यांसाठी आपले अभ्यासक त्याकडे वळतात. परंतु त्यातील उपभोगांची वीस प्रकरणे पाहिली तर स्नान, विलेपन, माल्य, भूषा, पादाभ्यंग, धूप, तांबूल असा सौंदर्यव्यवसायाचा सगळा पसारा तेथे मांडलेला आढळतो. कोणती द्रव्ये घ्यावीत, काय कशात मिसळावे, हे बारकाईने सांगितले आहे. ते वाटणाऱ्या, लावणाऱ्या हातांची नावे मात्र नाहीत. भोगणारा राजा, त्यामुळे या हातांचा एकमेकांशी काही संबंध असेल हा प्रश्नच त्या ग्रंथाला पडण्याचे कारण नव्हते.

वात्स्यायनाला तो पडला होता. 'कामसूत्रा'च्या पाचव्या अधिकरणात विदर्भ आणि वत्सगुल्म (आजचे वाशीम) येथील राजांच्या चालीरीतींचे उल्लेख आहेत, आणि त्याच अधिकरणात अंतःपुरातील स्त्रिया आपल्या दाईच्या मुलीला, सखीला किंवा दासीला पुरुषवेष चढवून आपली इच्छा पुरवितात असे सांगितले आहे. येथे वेषभूषा हीच प्रेमाची पायरी आहे. मात्र ही सोय पुरुषाच्या अभावी केलेली, असा त्याचा हिशेब. दोघींना एकमेकींचीच ओढ असेल, हे त्याच्या त्या हिशेबात बसत नाही.

ती ओढ उघड बोलली गेली दखनीच्या वळणाने. विजापूरचा अंध कवी सय्यद मीरान हाशमी हा दुसऱ्या अली आदिलशहाच्या काळातला. स्त्रीच्या तोंडी, बायकांच्या बोलीत त्याने गझला लिहिल्या. पुढे उत्तरेत या प्रकाराला 'रेख्ती' हे नाव मिळाले. सआदत यार खान 'रंगीन' (मृत्यू १८३५) याने बायकांच्या बोलीतील शब्दांची यादीच दिली आहे. तिच्यात 'दोगाना' हा शब्द आहे : जुळ्या गराचा बदाम दोघींनी वाटून खायचा आणि जन्माचे नाते जोडायचे. ही कविता मेंदी, मिस्सी, कंगवा-वेणी, बांगड्या आणि चोळीच्या कशिद्याने भरलेली आहे. एकीने दुसरीला नटविणे आणि एकीने दुसरीवर रुसणे यांत तेथे अंतर नाही. लिहिणारे पुरुष होते, रंगेलपणा आणि थट्टेचा सूर त्यात भरपूर आहे, हे मान्य. पण आपल्या गल्लीतल्या दखनीशी सोयरीक सांगणाऱ्या बोलीत या नात्याला शब्द होता, हे त्यामुळेच कळते. विसाव्या शतकातील संपादकांनी अश्लील म्हणून ही कविता संग्रहांतून वगळली आणि तो शब्दही विस्मृतीत गेला.

आतापर्यंतच्या साक्षींत एकही जोडी नावगावाची नाही. तारखा आणि मालमत्तेचे व्यवहार यांसह नोंदलेली जोडी हवी असेल तर दूर न्यूयॉर्कला जावे लागते. कॅनडातील एका गरीब शेतकरी घरातील फ्लॉरेन्स नाइटिंगेल ग्रॅहम या मुलीने परिचारिकेचे शिक्षण अर्धवट सोडून न्यूयॉर्क गाठले, प्रसाधनगृहात उमेदवारी केली आणि १९१०मध्ये फिफ्थ अॅव्हेन्यूवर स्वतःचे दुकान थाटले. लाल दरवाजा ही त्याची खूण. नावही नवे घेतले : एलिझाबेथ आर्डेन. तिचा जन्म १८८१चा धरतात. ती स्वतः वय चोरीत असे, आणि धंद्याला ते शोभलेच. तिच्या आयुष्यात आलेल्या एलिझाबेथ मार्बरी या १८५६ साली जन्मलेल्या, म्हणजे सुमारे पंचवीस वर्षांनी मोठ्या. ऑस्कर वाइल्ड आणि बर्नार्ड शॉ यांची अमेरिकेतील नाट्यविषयक कामे पाहणाऱ्या या स्थूल, बुद्धिमान, वजनदार बाईंचा संसार अनेक वर्षे एल्सी डी वुल्फ या नटीशी होता. एल्सी पुढे घरे सजविण्याच्या व्यवसायात गाजली. न्यूयॉर्कचा प्रतिष्ठित समाज या दोघींना 'बॅचलर्स' म्हणून हसत हसत जेवायला बोलावी. १९२६मध्ये एल्सीने एका इंग्रज मुत्सद्द्याशी लग्न केले.

मार्बरीबाईंची मेन राज्यात तळ्याकाठी वाडी होती. आर्डेनने शेजारची जागा घेतली. जानेवारी १९३३मध्ये मार्बरी वारल्या. आर्डेनने त्यांचीही वाडी विकत घेतली आणि १९३४मध्ये तेथे 'मेन चान्स' नावाचे स्त्रियांसाठी सौंदर्य-आरोग्याचे निवासस्थान उघडले. हे प्रेम होते, की लहानपणी आई गेलेल्या मुलीने शोधलेली आई होती, यावर चरित्रकारांत मतभेद आहेत. आम्हांस ते दोन पर्याय इतके वेगळे वाटत नाहीत. वयाचे मोठे अंतर असले की प्रेमात थोडी माया येतेच. नवरा-बायकोच्या बाबतीत हे आपण सहज मान्य करतो. शेजारची जमीन घेणे आणि मृत्यूनंतर ते घर परक्या हाती जाऊ न देणे, एवढा पुरावा समोर आहे. त्या घराचे तिने जे केले तेही लक्षात घ्यावे : स्मारक बांधले नाही, तिला येत असलेले एकच काम तेथे सुरू केले.

मराठीत असे घर कोणाला मिळाले नाही. विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगभूमीवर आले. त्यातील मित्रा महाविद्यालयीन नाटकात पुरुषाची भूमिका करते आणि नायिका झालेल्या नमावर तिचा जीव जडतो. वात्स्यायनाचा पुरुषवेष येथे रंग लावून परत आला. मित्राचा शेवट आत्मघातात होतो. पुढच्याच वर्षी आलेल्या 'उंबरठा' चित्रपटात महिलाश्रमातील दोघींचे नाते उघडकीस येते, तेही शिक्षेच्या छायेत. कायद्याने हा गुन्हा असल्याची भीती ६ सप्टेंबर २०१८च्या निकालाने गेली. विवाहाचा हक्क देण्यास सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला.

आणि आपले वाडे? ज्या घरांत केशवपनाची चाल होती, तेथे स्वतःच्या डोक्यावर केस नसलेली, आलवणातली थोरली बाई घरातल्या पोरीसोरींच्या, नव्या सुनांच्या वेण्या घालीत बसे. तिला आरसा वर्ज्य; दुसरीला नटविणे तेवढे मोकळे. त्या ओसरीवर बहुतेक वेळा मायाच होती, आणि प्रत्येक वेणीत प्रणय शोधणे हा अडाणीपणा होईल. पण दोघींपैकी एकीच्या मनात त्याहून अधिक काही असेल, तर ते बोलायला 'दोगाना'सारखा शब्द मराठीने तिला दिला नव्हता. कासारणीला काय दिले, शिकेकाई-नागरमोथ्याला किती पडले, हा खर्च घरच्या वहीत चढे. बाकीचे चढत नसे.

१९४८चे संस्थान-विलीनीकरण आणि १९५६ची बीदर जिल्ह्याची वाटणी या दोन उलथापालथींत आपल्यापैकी अनेक घराण्यांची दप्तरे इकडची तिकडे झाली. मोडी वाचणारे घरात उरले नाहीत, म्हणून रुमाल सोडून कागद रद्दीत गेले. त्यांत जमिनीचे कागद राखले गेले. बायकांनी बायकांना लिहविलेली किंवा लिहिलेली पत्रे, माहेरच्या सखीला धाडलेल्या चोळीच्या चिठ्ठ्या, आधी गेल्या. वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर असा रुमाल अजून असेल, तर तो सोडण्यापूर्वी मोडी जाणणाऱ्यास दाखवावा, आणि खर्चाच्या वह्या घरगुती म्हणून बाजूला काढू नयेत.