पीएच.डी.नंतर काय? अवकाश आणि भूविज्ञानातील संशोधनाच्या वाटा

मिहान म्हटले की माहिती तंत्रज्ञान कंपन्या, विमान दुरुस्तीचे केंद्र, एम्स आणि आयआयएम डोळ्यांसमोर येतात. अवकाश अथवा भूविज्ञानात पीएच.डी. केलेल्या विद्यार्थ्याला तेथे आपल्या विषयाचे काम सापडत नाही आणि तो नागपूर सोडण्याचा विचार करू लागतो. ही घाई अनेकदा अनाठायी ठरते.

मिहानला लागूनच सोनेगाव विमानतळावर प्रादेशिक हवामान केंद्र आहे. अमरावती मार्गावर इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राचे मध्य विभागीय केंद्र आणि मृदा सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था आहे. शिवाय राज्याचे सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य विभागीय कार्यालय आणि १९५८ साली स्थापन झालेली ‘नीरी’ही याच शहरात आहे. या सर्व ठिकाणी पोस्टडॉक्टरल जागा निघतात असे मात्र नव्हे. काही कार्यालये मुळात सेवा देणारी आहेत.

म्हणूनच स्वतःची शिष्यवृत्ती घेऊन संस्थेत जाणे, हा मार्ग महत्त्वाचा. पूर्वी ‘एसईआरबी’कडे असलेली राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे आहे. कालावधी दोन वर्षांचा. वयोमर्यादा साधारणतः ३५ वर्षे असून महिला, राखीव प्रवर्ग व दिव्यांग उमेदवारांना सवलत मिळते. प्रबंध सादर केलेला, पण पदवी हाती न आलेला उमेदवारही अर्ज करू शकतो. आपल्याकडे पदवीदान समारंभाची वाट पाहण्यात वर्ष जाते, ते वाचवावे! जर्मनीच्या हुम्बोल्ट प्रतिष्ठानाच्या पोस्टडॉक्टरल फेलोशिपसाठी तर पीएच.डी. होऊन चार वर्षांहून अधिक काळ लोटलेला चालत नाही.

अर्जात मार्गदर्शक शास्त्रज्ञाची संमती लागते आणि बहुतेकांचे अडते ते येथेच. सर्वांना एकच पत्र पाठविणाऱ्यास उत्तर क्वचितच मिळते. आपल्या भागातील नेमका प्रश्न मांडणाऱ्याचे पत्र वाचले जाते. उदाहरणार्थ, ३० जुलै २०२५ रोजी सोडलेला इस्रो व नासाचा ‘निसार’ उपग्रह दर १२ दिवसांनी त्याच भूभागाची रडारने पाहणी करण्यासाठी आहे. रडारला ढगांचा अडथळा होत नाही. त्यामुळे ऐन पावसाळ्यात, जेव्हा साधी उपग्रह छायाचित्रे निरुपयोगी ठरतात, तेव्हा विदर्भाच्या काळ्या मातीतील ओलाव्याचा अभ्यास शक्य होतो. लोणारचे विवर हे दुसरे उदाहरण. ते बेसाल्ट खडकात आघाताने तयार झाले असल्याने चंद्र व मंगळावरील विवरांशी त्याची तुलना होते. असा विषय घेऊन अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेचे दारही ठोठावता येते.

हवामानासाठी पुण्याची ‘आयआयटीएम’, खगोलशास्त्रासाठी ‘आयुका’ आणि भूचुंबकत्वासाठी पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. त्यांच्या जाहिराती संकेतस्थळांवर प्रसिद्ध होतात. प्रबंध सादर करण्याच्या सहा महिने आधीपासून त्या पाहाव्यात आणि पहिल्या पत्रासोबतच दोन पानांचा संशोधन आराखडा जोडावा.