यंत्रचित्रांतील चुकीची मर्यादा

कोंकणच्या किनाऱ्यावर गलबत बांधणारा जुना सुतार कागदावर सहसा रेघ ओढीत नसे. फळी जागेवर धरावी, तासावी, न बसल्यास काढून पुन्हा तासावी, हीच त्याची रीत. आंग्र्यांच्या आरमारांतील गुराबा आणि गलबतें अशाच हातांनीं घडलीं आणि त्यांनीं परदेशी जहाजांना दीर्घकाळ धाक घातला, हें आपण अभिमानानें सांगतों. परंतु एका गलबताची फळी काढून दुसऱ्यास लावूं गेल्यास ती बसली नसती, ही गोष्ट त्या अभिमानांत आपल्या ध्यानीं येत नाहीं. तशी ती बसावी अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. एका तुकड्याची चूक शेजारचा तुकडा पोटांत घेई. मग चुकीला माप कशाला हवें?

तें हवें झालें यंत्रांमुळें. इंग्लंडांत जोसेफ व्हिटवर्थ यानें १८४१ सालीं स्क्रूच्या आट्यांना एकच प्रमाण असावें असें सुचविलें. तोंवर एका कारखान्याचा बोल्ट दुसऱ्याच्या नटांत जाईल याचा भरंवसा नसे. महाराष्ट्रांत हा प्रश्न ज्यांच्या हातून व्यवहारांत उतरला त्यांत लक्ष्मणराव किर्लोस्करांचें नांव प्रथम घेतलें पाहिजे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत ते चित्रकला शिकावयास गेले. पण रंगांतील भेद डोळ्यांना नीट कळत नाहीं असें आढळून आल्यानें तो मार्ग खुंटला. यंत्रचित्रकलेस मात्र रंग लागत नाहीं. तीच त्यांनीं आत्मसात केली व व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेंत ती शिकविलीही. रंग गेला आणि रेघ उरली, हें महाराष्ट्राचें भाग्यच म्हणावयाचें! १९१० सालीं औंध संस्थानांत कुंडलच्या माळावर त्यांनीं कारखाना थाटला. लोखंडी नांगरानें जमीन नासते, ही समजूत त्यांना आधीं झगडून काढावी लागली, ती कथा सर्वश्रुत आहे. माझ्या मतें त्याहून अवघड काम दुसरेंच होतें. नांगराचा फाळ झिजतो, आणि नवा फाळ कोठल्याशा खेड्यांत, कारागिराच्या मदतीवांचून, जुन्या नांगरास बसावा लागतो. गलबताच्या सुताराची रीत येथें निरुपयोगी ठरते.

आतां, कोणताही तुकडा मापाबरहुकूम तंतोतंत उतरत नाहीं. म्हणून चित्रकार मापापुढें थोडी मुभा लिहितो. कारखान्यांत तिला टॉलरन्स म्हणतात. समजा, एका पत्र्यांत भोंक पाडावयाचें आहे, आणि त्याचा मध्य दोन कडांपासून ठरलेल्या अंतरावर, दोन्ही दिशांस दशांश एक मिलिमीटर इकडेतिकडे चालेल, असें चित्रांत लिहिलें. वरवर हें निर्दोष दिसतें. पण कागदावर काढून पाहावें: मध्याला मिळालेलें अंगण चौकोनी झालें! कोपऱ्याच्या दिशेनें तो ०·१४ मिलिमीटर सरकला तरी तुकडा पास. आडव्या दिशेनें ०·१२ सरकला कीं नापास. बोल्टाला तर दिशा ठाऊक नसते. म्हणजे जो तुकडा अधिक चुकला तो आंत आणि कमी चुकला तो बाहेर. मजुराच्या हातचें चांगलें काम भंगारांत जावें आणि त्याच्या नांवावर खोट लागावी, हा अन्याय भूमितीच्या अज्ञानांतून होत होता.

स्कॉटलंडमधील अलेक्झांड्रिया गांवच्या सरकारी टॉर्पेडो कारखान्यांत स्टॅन्ली पार्कर यानें १९३८ च्या सुमारास या गोष्टीवर बोट ठेवलें, असें मानतात. चौकोनाऐवजीं त्याच्या कोपऱ्यांतून जाणारें वर्तुळ घ्यावें, एवढाच त्याचा विचार. त्या वर्तुळाचें क्षेत्र चौकोनाहून शेंकडा ५७ नें अधिक भरतें. काम तितकेंच बिनचूक बसतें, आणि भंगार मात्र कमी होतें. महायुद्धाच्या काळांत, जेव्हां एकेका तुकड्याला मोल आलें होतें, तेव्हां या विचाराचें चीज झालें.

पुढें त्यांतून एक संपूर्ण भाषाच निघाली. सरळपणा, सपाटपणा, काटकोन, गोलाई यांना निरनिराळीं चिन्हें मिळालीं. तिच्यांतील एक युक्ति मला विशेष चतुर वाटते. दहा मिलिमीटरच्या खिळीसाठीं भोंक १०·२ पासून १०·५ पर्यंत चालेल असें धरा. भोंक सर्वांत लहान असेल तर त्याच्या मध्याला ०·२ व्यासाच्या वर्तुळांत राहणें भाग आहे. तेंच १०·५ झालें, तर तें वर्तुळ ०·५ व्यासाचें करण्यास हरकत नाहीं, कारण खिळ तरीही आंत जाते. एकीकडची सूट दुसरीकडे वळती करण्याचा हा हिशेब आपल्या घरच्या गृहिणींना नवा नाहीं.

दुसरी गोष्ट आधाराची. माप कोठून घ्यावयाचें, हें चित्रानें सांगितलें नाहीं तर करणारा एका बाजूनें मोजतो, तपासणारा दुसऱ्या, आणि दोघेही खरे असून भांडतात. रत्नागिरीकरांना हें पटावयास लांब जावयास नको. कोंकण रेल्वेचा सर्वांत लांब, साडेसहा किलोमीटरांचा बोगदा आपल्या करबुड्याच्या डोंगरांतून जातो; त्यांतून गाड्या धांवत आहेत. असा डोंगर दोन बाजूंनीं पोखरावयाचा तर दोन्ही टोळ्यांचे आधारबिंदु एकच असावे लागतात, नाहींतर डोंगराच्या पोटांत त्यांची गांठच पडावयाची नाहीं.

आपल्याकडे भारतीय मानक संस्था १९४७ सालीं निघाली, आणि या भूमितीय मुभेसाठीं तिनें आय. एस. ८००० हें मानक सिद्ध केलें. तरीही पुष्कळ चित्रांत अजून चौकोनी अंगणच आढळतें. चित्र काढणारा भीतीपोटीं प्रत्येक मापास अतिसूक्ष्म मुभा लिहितो, आणि खर्च कारखानदाराच्या व कटकट कामगाराच्या गळ्यांत पडते. या भित्रेपणास काटेकोरपणा म्हणण्याची चाल मात्र सोडली पाहिजे. कोठें चूक चालते हें ठरवावयास वस्तूचें काम समजावें लागतें, आणि तें कष्ट चुकविण्याचाच तो मार्ग आहे. रत्नागिरीस आज तंत्रनिकेतन आहे, मिरजोळ्यास अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथून पुण्या-मुंबईच्या कारखान्यांत जाणाऱ्या मुलांपुढें पहिल्याच महिन्यांत अशीं चित्रें येतात, आणि त्यांतील एका चौकटींत दडलेलीं तीन चिन्हें वाचतां आलीं नाहींत तर शेंकडों तुकडे करून झाल्यावर तें उघडकीस येतें.