हातातली माळ, गळ्यातली माळ

आज विषय आहे माळेचा. जपमाळ, तुळशीची माळ, रुद्राक्षाची माळ, सगळ्याच आल्या. भक्तिभावाकडे येऊच, पण आधी माळेकडे एक यंत्र म्हणून बघू या. आम्हा संगणकवाल्यांची ही जुनी खोड. कुठलीही गोष्ट हाती आली की आधी ती उघडून आत काय आहे ते बघायचं.

तर जपमाळ म्हणजे मोजायचं साधन. मणी १०८, शिवाय एक वेगळा, बहुधा गोंडा लावलेला, तो मेरुमणी. अंगठा आणि मधलं बोट यांनी एकेक मणी आपल्याकडे ओढायचा. तर्जनी लावायची नाही, कारण ते दुसऱ्यावर रोखायचं बोट, म्हणून अहंकाराचं मानलेलं. मेरुमणी आला की तो ओलांडायचा नाही, माळ फिरवायची आणि उलट दिशेने परत निघायचं. प्रोग्रामिंग करणाऱ्यांना हे लगेच ओळखीचं वाटेल. गोल यादीत सुरुवात कुठे आणि शेवट कुठे हे कळायला एक खुणेचा नोड ठेवतात ना, तोच हा. डोळे मिटलेले असले तरी बोटाला बरोब्बर कळतं, की एक फेरी झाली. आकडा लक्षात ठेवायचं काम बोटांवर सोपवलं, की मन नामासाठी मोकळं. म्हणजे मोजणं विसरता यावं म्हणून केलेलं हे मोजायचं यंत्र!

आता १०८ च का? उत्तरं भरपूर आहेत. २७ नक्षत्रं, प्रत्येकाचे ४ चरण, झाले १०८. १२ राशी गुणिले ९ ग्रह, तेही १०८. योगाच्या ग्रंथांत माणूस दिवसाला २१,६०० श्वास घेतो असं मानतात, त्याचे निम्मे १०,८०० म्हणजे बरोब्बर शंभर माळा. गणितप्रेमींसाठी आणखी एक: १ चा पहिला घात, २ चा वर्ग आणि ३ चा घन यांचा गुणाकार करून बघा. कोणी साधंसरळ सांगतात, की शंभर जपाचे आणि वरचे आठ चुकतमाकत झाल्याबद्दल. मला स्वतःला हे शेवटचं उत्तर सगळ्यात आवडतं. चूक होणार हे धरूनच केलेली रचना, अजून काय पाहिजे?

माळेचं जुनं नाव अक्षमाला. 'अक्ष' म्हणजे बी, फासा, डोळाही. पण अक्षमालिकोपनिषद नावाचं एक छोटं उपनिषद आहे, त्यात या शब्दाचा वेगळाच अर्थ लावला आहे. 'अ' पासून 'क्ष' पर्यंतची वर्णमाला हीच अक्षमाला, आणि प्रत्येक मणी म्हणजे एक अक्षर. आपल्या ब्रह्मदेवाच्या आणि सरस्वतीच्या मूर्तींमध्ये हातात माळ असते ती हीच. बौद्धांनीही माळ आपलीशी केली. वेरूळच्या बौद्ध लेण्यांत अवलोकितेश्वराच्या हातात अक्षमाला दिसते. पुढे बौद्ध धर्माबरोबर १०८ मण्यांची माळ चीनमार्गे जपानपर्यंत गेली. रुद्राक्षाचा प्रवास तर उलट्या दिशेचा. ते शंकराचे अश्रू, ही कथा आपल्याला माहीत असतेच. त्या झाडाला वनस्पतिशास्त्रात एलिओकार्पस गॅनिट्रस म्हणतात, आणि नेपाळइतकंच ते इंडोनेशियातही वाढतं. आज भारतात विकल्या जाणाऱ्या रुद्राक्षांत जावा बेटावरून आलेला माल भरपूर असतो. देवघरातली वस्तू समुद्र ओलांडून आलेली असू शकते, आणि तिच्या पावित्र्यात कोणाला काही उणं वाटत नाही. ही मला फार छान गोष्ट वाटते.

हातातल्या माळेने माणसाला किती दूर नेलं, याचं एक उदाहरण घेऊ. समर्थ रामदासांनी नाशिकजवळ टाकळीला १२ वर्षं राहून त्रयोदशाक्षरी राममंत्राचा १३ कोटी जप केला, असं समर्थ संप्रदाय मानतो. शनिवारची दुपार होती, मी कॅल्क्युलेटर काढला :) १२ वर्षांचे साधारण ४,३८३ दिवस. म्हणजे रोज २९,६६० वेळा जप, म्हणजेच रोज पावणेतीनशेच्या आसपास माळा. एका जपाला दीड सेकंद धरला तरी रोज बारा तासांवर वेळ जातो, एकही सुट्टी न घेता. इथे आकड्याची पडताळणी करावी असं मला वाटलं नाही. या माणसाने आपली बारा वर्षं कशासाठी दिली, हे तो आकडा पुरेसं सांगतो.

पण हातातली माळ ही एकट्याची गोष्ट आहे. मंत्र गुरूने कानात सांगायचा, तो दुसऱ्याला सांगायचा नाही. माळसुद्धा गोमुखीत, म्हणजे त्या कापडी पिशवीत, झाकून ओढायची. किती जप झाला हे फक्त जपणाऱ्याला आणि देवाला माहीत.

आणि इथेच महाराष्ट्रात एक वेगळी गोष्ट घडली. वारकऱ्यांनी माळ हातातून काढून गळ्यात घातली.

म्हणजे वारकरी जप करत नाहीत असं अजिबात नाही. पण वारकऱ्याची ओळख ठरली ती गळ्यातली तुळशीची माळ, आणि ती काही मोजायला नसते. आपल्याकडे 'माळ घातली' म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. अशा माणसाला 'माळकरी' हा शब्दही आहे. पंढरपुरात किंवा आळंदीत माळ आधी ज्ञानेश्वरीवर ठेवायची आणि मग एखाद्या महाराजांच्या किंवा जुन्या वारकऱ्याच्या हातून गळ्यात घालून घ्यायची. 'रामकृष्णहरी' हा मंत्र गुप्त नाही, तो टाळ वाजवत गर्दीत मोठ्याने म्हणायचा. नियम मोजके. मांस-मद्य सोडायचं, एकादशी धरायची, वारी चुकवायची नाही, रोज हरिपाठ म्हणायचा, खोटं बोलायचं नाही, परस्त्री मातेसमान. माळाही काही सोन्याच्या नाहीत. पंढरपुरात काशीकापडी समाजातली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या तुळशीच्या लाकडाचे मणी करून त्या ओवत आली आहेत.

इतिहास म्हणून बघितलं तर यातली मोठी गोष्ट वेगळीच आहे. त्या काळी अंगावर धारण करायचं दुसरं मोठं धार्मिक चिन्ह कोणतं? जानवं. ते जन्माने मिळायचं, पुरुषाला मिळायचं, आणि बहुतेकांना मिळायचंच नाही. माळेला जन्माचा दाखला लागत नव्हता. कुणबी, शिंपी, माळी, कुंभार, महार, बायका, ज्याला वाटलं त्याने घालावी. सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाई ब्राह्मण घरातल्या. त्यांनी देहूच्या तुकोबांना, एका कुणबी वाण्याला, गुरू मानलं. त्यापायी नवऱ्याचा मार खावा लागला, हे त्यांनी स्वतःच आपल्या अभंगांत सांगून ठेवलं आहे. हा मामला किती गंभीर होता ते यावरून कळावं.

आता जरा घरातलं सांगतो. आमचं गाव सोलापूर जिल्ह्यात. माझे थोरले काका तरुणपणी प्यायचे. आठवडी बाजाराच्या दिवशी माल विकून आलेले पैसे घरी पोचतीलच याची खात्री नसे. काकूंनी नवस केले, सासऱ्यांनी मारलं, उपयोग शून्य. मग एका कार्तिकीला गावातले लोक त्यांना पंढरपूरला घेऊन गेले, आणि काका माळ घालून परत आले. पंधरा दिवसांत पाय पुन्हा गुत्त्याकडे वळले. पण गुत्तेवाल्यानेच दारू द्यायला नकार दिला. म्हणाला, "आण्णा, गळ्यात काय हाय बघा. मला पापात पाडू नका."

काकू हे सांगताना आजही हसतात आणि डोळ्याला पदर लावतात. "ह्येंचा निश्चय किती पक्का व्हता ते मला म्हाईत हाय," त्या म्हणतात, "पर माळ समद्या गावाला दिसत व्हती न्हवं का?" त्याच पैशातून पुढे खिल्लार बैलांची जोडी आली, चुलतभावांच्या शाळेच्या फिया गेल्या. एकदा माळेचा दोरा तुटला, तर ती पुन्हा ओवून गळ्यात पडेपर्यंत काकांनी पाण्याचा थेंब घेतला नाही.

मला वाटतं, गळ्यातल्या माळेचं मर्म या गोष्टीत आहे. गोमुखीतल्या जपाचा साक्षीदार एकटा देव. गळ्यातल्या माळेला सगळं गाव साक्षीदार. एकट्याच्या निश्चयाला झेपत नाही तिथे चारचौघांची नजर हात देते. अध्यात्म म्हटलं की आपल्याला डोळे मिटून एकांतात बसलेला माणूस आठवतो. पण दारूच्या दुकानातून रिकाम्या हाताने परतलेला माणूस हेही अध्यात्मच की!

अर्थात, माळेने सगळं जिंकलं असं म्हणून थांबलो तर ते अर्धवट होईल. मंगळवेढ्याचे संत चोखामेळा वारकरी संप्रदायातले फार मोठे नाव. त्यांच्या नावावरच्या एका प्रसिद्ध अभंगात प्रसंगच असा आहे, की देवाचा हार तुझ्या गळ्यात आलाच कसा, म्हणून बडवे त्यांना मारतात. गळ्यात काय आहे यापेक्षा गळा कोणाचा आहे हे मोठं ठरलं! १३३८ साली मंगळवेढ्यात भिंत कोसळून चोखोबा गेले. त्यांची समाधी झाली ती विठ्ठल मंदिराच्या महाद्वारासमोर, दाराच्या बाहेर. ते दार सर्वांना उघडावं म्हणून साने गुरुजींना १ मे १९४७ पासून पंढरपुरात प्राणांतिक उपोषण करावं लागलं. १० मेला ते सुटलं. मधे सहाशेहून जास्त वर्षं गेली. या सगळ्या काळात अस्पृश्य मानलेले माळकरी दर आषाढीला चालत पंढरपूरला येत होते आणि कळसाचं दर्शन घेऊन परत जात होते. वारी चुकवायची नाही हा नियम त्यांनी पाळला. समोरच्यांनी कोणता पाळला, हे ज्याचं त्याने ठरवावं.

म्हणूनच बहुधा संतांनी माळेवर आंधळा विश्वास कधी टाकला नाही. कबीरांनी मणी फिरवणाऱ्यांना मन फिरवायला सांगितलं, आणि टिळे-माळांचा नुसता देखावा करणाऱ्यांना तुकोबांनी चांगलंच सोललं. माळ ज्यांना सगळ्यात प्रिय, तेच तिचे सगळ्यात कडक टीकाकार.

आता आपल्या पिढीकडे बघा. रुद्राक्षाचं मनगटी कडं हाफिसात बरेच जण घालतात. रुद्राक्षाचा एक्स-रे काढून आत किती बिया आहेत याचं प्रमाणपत्र मिळतं. जप मोजायला बोटात घालायचा डिजिटल काउंटर मिळतो, मोबाइलवर अ‍ॅपही आहेत. यात हसण्यासारखं काही नाही, १०८ मणी हासुद्धा त्याच्या काळातला काउंटरच होता. मोजायची सोय दर पिढीत सुधारतच जाणार.

गळ्यातल्या माळेचं अ‍ॅप मात्र अजून कोणी काढलेलं नाही. ते काढायचं तर आपल्याला ओळखणारं, आपला शब्द लक्षात ठेवणारं आणि वेळ आली की "गळ्यात काय आहे बघा" म्हणणारं गाव लागेल. शहरात फ्लॅट घेताना आपण पार्किंग बघतो, पाणी बघतो. असं गाव आपल्याभोवती आहे का, हेही एकदा बघायला हरकत नाही.