ग्रुप कॅप्टन चेशायर यांची दुसरी कारकीर्द

हेब्बाळला भारतीय हवाई दलाच्या प्रशिक्षण कमांडचे मुख्यालय आहे. बंगळूर हे पूर्वीपासूनच निवृत्त सेनाधिकाऱ्यांच्या पसंतीचे शहर असून त्यांतील अनेक जण निवृत्तीनंतर एखाद्या सेवाभावी संस्थेचे चिटणीस, खजिनदार किंवा विश्वस्त होतात. शिस्त, वेळेचे भान आणि हिशेबातील चोखपणा हे गुण संस्थांना हवेच असतात. परंतु हुकूम देण्याची आणि तो पाळून घेण्याची सवय सेवाकार्यात कितपत उपयोगी पडते? या प्रश्नाचा विचार करताना एका वैमानिकाची कारकीर्द डोळ्यांसमोर येते. त्याच्या नावाने चालणारी घरे मुंबईत आहेत, तशीच बंगळुरातही आहेत. हा वैमानिक म्हणजे ब्रिटिश हवाई दलातील ग्रुप कॅप्टन लिओनार्ड चेशायर.

चेशायर यांचा जन्म १९१७ सालचा. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी बॉम्बफेकी विमानांतून शंभर मोहिमा केल्या. १९४३ मध्ये, पंचविशीत असतानाच, ते ग्रुप कॅप्टन झाले. परंतु त्या पदावर राहून प्रत्यक्ष उड्डाणे करता येत नाहीत, म्हणून त्यांनी स्वतःहून एक पायरी खाली उतरणे पत्करले आणि ६१७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची सूत्रे घेतली. फेब्रुवारी १९४४ मध्ये फ्रान्समधील लिमोज येथील विमान-इंजिनांच्या कारखान्यावर हल्ला करायचा होता. त्या वेळी आत काम करणाऱ्या फ्रेंच कामगारांना बाहेर पडता यावे, म्हणून चेशायर यांनी प्रथम अगदी खालून कारखान्यावर घिरट्या घातल्या आणि नंतरच लक्ष्य दाखवणारे गोळे टाकले. त्याच वर्षी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हा सन्मान सहसा एखाद्या प्रसंगातील शौर्याबद्दल दिला जातो. चेशायर यांना तो चार वर्षांच्या सातत्यपूर्ण धैर्याबद्दल देण्यात आला. ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर अणुबॉम्ब पडला, तेव्हा ब्रिटनचे निरीक्षक म्हणून ते सोबतच्या एका विमानात होते. १९४६ च्या प्रारंभी त्यांनी हवाई दल सोडले.

येथवरची कथा अनेकांना ठाऊक असते. प्रशासनाच्या विद्यार्थ्याला अधिक शिकवणारा भाग यानंतरचा आहे, आणि त्याची सुरुवात अपयशाने होते.

युद्धातून परतलेल्या सैनिकांनी एकत्र राहावे, एकत्र राबावे आणि एकमेकांना आधार द्यावा, अशी एक वसाहत चेशायर यांनी उभारली. कल्पना उदात्त होती, नेता लोकप्रिय होता आणि माणसेही जमली. परंतु कोणी किती काम करायचे, पैसा कोठून येणार, मतभेद झाल्यास निर्णय कोण देणार, या गोष्टी कधी नीट ठरल्याच नाहीत. स्क्वाड्रनमध्ये या सर्वांची उत्तरे नियमावलीत आणि शत्रूच्या अस्तित्वात असतात. शांततेच्या काळात ती दोन्ही नसतात. प्रकृतीच्या कारणाने चेशायर काही काळ कॅनडात राहिले आणि तेवढ्यात वसाहत कर्जात बुडाली. ती मोडावी लागली. हॅम्पशायरमधील ल कोर्ट नावाचा मोठा वाडा तेवढा हाती उरला.

१९४८ मध्ये आर्थर डाइक्स हा पूर्वी त्या वसाहतीत राहिलेला माणूस कर्करोगाने अखेरच्या अवस्थेत असल्याचे त्यांना कळले. रुग्णालयाच्या दृष्टीने त्याच्यावर करण्यासारखे काही उरले नव्हते आणि जायला घरही नव्हते. चेशायर त्याला ल कोर्टला घेऊन आले. व्हिक्टोरिया क्रॉसचा हा मानकरी स्वयंपाक करू लागला, अंथरूण बदलू लागला आणि रात्री उशाशी बसू लागला. डाइक्स काही महिन्यांतच वारले. तोवर दुसरी एक वृद्ध रुग्ण दाराशी आली होती, आणि पुढे ही रीघ वाढतच गेली. पहिल्या प्रयोगात आधी योजना होती आणि नंतर माणसे शोधली गेली. दुसऱ्यात आधी एक माणूस आला. व्यवस्था त्याच्या गरजेतून उभी राहिली.

पुढे क्षयरोगामुळे १९५२ ते १९५४ ही वर्षे चेशायर यांना आरोग्यधामात काढावी लागली. तरीही गृहांची संख्या वाढत राहिली. संस्थापक अंथरुणाला खिळलेला असताना संस्था वाढते, याचा अर्थ काम चालवणारी दुसरी माणसे तयार झालेली असतात. येथेच चेशायर यांची पद्धत आकारास आली. प्रत्येक गावातील प्रतिष्ठित आणि उत्साही नागरिकांची स्थानिक समिती नेमायची, पैसा उभारण्याची आणि घर चालवण्याची जबाबदारी तिच्यावर टाकायची, आणि मध्यवर्ती न्यासाने मूलभूत धोरणापुरते लक्ष घालायचे.

ही पद्धत घेऊन ते १९५५ च्या अखेरीस भारतात आले. १९५६ मध्ये मुंबईत अंधेरीला ‘बेथलेहेम हाऊस’ सुरू झाले. ब्रिटनबाहेरचे हे पहिले चेशायर गृह. अंधेरी तेव्हा उपनगराचा विरळ वस्तीचा भाग होता. एप्रिल १९५९ मध्ये चेशायर यांचा विवाहही मुंबईतच झाला. वधू स्यू रायडर याही युद्धोत्तर निर्वासितांसाठी झटणाऱ्या कार्यकर्त्या होत्या. दोघांनी मिळून डेहराडूनला ‘रॅफेल’ हे केंद्र उभारले. नवस्वतंत्र देशात परकीय संस्थेने पाय रोवणे सोपे नव्हते. स्थानिक समितीच्या तत्त्वामुळे मात्र ही घरे पाहता पाहता येथल्या लोकांचीच झाली. १९९२ मध्ये चेशायर यांचे निधन झाले, तेव्हा हे काम सुमारे ५० देशांत पसरलेले होते.

येथे कथा संपवली तर ती केवळ गौरवगाथा ठरेल. पण समितीच्या हाती सूत्रे दिली, तरी एक प्रश्न उरतोच. त्या समितीत कोण बसते? घरात राहणारा की त्याच्यावर उपकार करणारा?

हा प्रश्न ल कोर्टच्याच रहिवाशांनी विचारला. स्नायुक्षयाने ग्रासलेले पॉल हंट हे १९५६ मध्ये, विशीच्या आत असताना, तेथे राहायला आले. कधी झोपायचे, कोणाला भेटायचे, हे व्यवस्थापनाने का ठरवावे, असा त्यांचा आणि सहकाऱ्यांचा सवाल होता. व्यवस्थापन समितीवर रहिवाशांचे प्रतिनिधी असावेत, अशी त्यांची मागणी होती. त्यांच्याच आग्रहावरून लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेच्या संशोधकांनी अशा गृहांचा अभ्यास केला; परंतु १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष रहिवाशांना व्यवस्थेची पाठराखण करणारे वाटले. त्याच वर्षी हंट यांनी ‘गार्डियन’मध्ये पत्र लिहून संस्थांच्या चार भिंतींत राहणाऱ्यांना संघटित होण्याचे आवाहन केले. त्यातून उभ्या राहिलेल्या संघटनेने मांडले की, शरीरातील उणीव ही एक गोष्ट आणि त्या उणिवेमुळे समाजाने माणसाला बाजूला सारणे ही दुसरी. खरे अपंगत्व दुसऱ्या गोष्टीत आहे. जगभरातील अपंगांच्या हक्कांच्या चळवळीचा हा एक पाया ठरला, आणि तो चेशायर यांच्या पहिल्या घरातच, त्या घराशी भांडत घातला गेला.

या विचाराचे पडसाद आपल्या कायद्यातही आहेत. संयुक्त राष्ट्रांचा अपंग हक्क करार भारताने २००७ मध्ये मान्य केला. त्यानंतर आलेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ५ ने समाजात राहण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत दिला आहे. म्हणजेच, कायद्याच्या दृष्टीने आश्रयगृह ही माणसाची नियत जागा नव्हे. असे असूनही गृहांची तपासणी करताना आपण खाटा मोजतो, नोंदवह्या पाहतो, स्वयंपाकघराची स्वच्छता तपासतो आणि विश्वस्तांसोबत चहा घेऊन परततो. रहिवाशांशी, कर्मचारी हजर नसताना, बोलणे हा तपासणीचा अनिवार्य भाग असायला हवा. व्यवस्थापनात त्यांचा प्रतिनिधी आहे का, हा तपासणी सूचीतील पहिला प्रश्न असला पाहिजे.

चेशायर यांच्या कारकिर्दीत अधिकार पायरीपायरीने खाली उतरताना दिसतो. तो सेनानीकडून समितीकडे आला. चेशायर यांचे मोठेपण हे की, ही पायरी ते स्वतःहून उतरले. समितीकडून रहिवाशापर्यंतची पायरी मात्र रहिवाशांना झगडून मिळवावी लागली, आणि आपल्याकडे ती बऱ्याच ठिकाणी अजून उतरायची आहे. गणवेश उतरवून सेवेत आलेल्या अधिकाऱ्याने, आणि शासकीय खुर्चीवरून अशा संस्थांना अनुदान देणाऱ्यानेही, हिशेबाची वही उघडण्यापूर्वी एवढे पाहावे की, ज्यांच्यासाठी हे सारे चालले आहे, ते बैठकीच्या खोलीत आहेत की दाराबाहेर.