सरकीपासून छापापर्यंत : नांदेड-लातूरचे कापड

नांदेडच्या कापडाची जुनी ओळख मलमलीची आहे. निजामी राजवटीतल्या या शहराचे वर्णन करताना जुन्या गॅझेटियरांनी इथल्या तलम मलमलीची आवर्जून दखल घेतली. त्या तलमपणाचे मूळ शेतात होते. या भागात पिकणारा गावरानी कापूस देशी वाणांत लांब धाग्याचा म्हणून नावाजलेला होता, आणि त्याचे बारीक सूत साळी, कोष्टी, पद्मशाली, मोमीन अशा विणकर समाजांच्या मागांवर चढत असे. कापूस, सूत, विणकाम आणि विक्री ही साखळी तेव्हा बरीचशी एकाच मुलखात पुरी होत होती. नंतरच्या शंभर वर्षांत तिची एकेक कडी बाहेर गेली. आज या शहरांतल्या लहान गाळ्यांत टी-शर्ट छापले जातात, तो या साखळीचा सर्वांत अलीकडचा तुकडा आहे.

पहिला मोठा बदल रेल्वेने घडवला. मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज मार्ग १९००च्या सुमारास नांदेडवरून धावू लागला आणि बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १९११ मध्ये लातूरला पोचली. रेल्वेपाठोपाठ जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले. सरकी वेगळी काढून रुईच्या गाठी बांधायच्या आणि मुंबईकडे रवाना करायच्या, हा नवा धंदा झाला. शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा आला, ही त्यातली चांगली बाजू. पण गाठ बांधून गेलेल्या कापसावर पुढे जे मोल चढते, ते गिरणीच्या गावात चढते. गिरणीचे स्वस्त कापड त्याच गाडीने परत येऊ लागले आणि मलमलीचे माग थंडावत गेले.

यावर उत्तर म्हणून उभी राहिली ती नांदेडची उस्मानशाही मिल. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातल्या या गिरणीला निजाम मीर उस्मान अली खान यांचे नाव मिळाले. हैदराबाद संस्थानात गुलबर्गा, औरंगाबाद आणि पुढे वरंगल इथेही कापडगिरण्या होत्या. नांदेडची गिरणी त्या मालिकेतली. मात्र नांदेडच्या दृष्टीने तिचे महत्त्व वेगळे, कारण इथला कापूस इथेच सूत आणि कापड होण्याची सोय तिने पुन्हा केली. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, तरी भोंगा वाजतच होता. १९७४ च्या राष्ट्रीयीकरण कायद्याने देशभरातल्या आजारी गिरण्या सरकारने घेतल्या, त्यांत हीसुद्धा होती. सरकारी छत्र मिळूनही ती फार काळ तगली नाही. गिरणीत पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेले कामगार आणि त्यांचे कसब तिच्याबरोबर विखुरले. नांदेडच्या औद्योगिक इतिहासातले हे सर्वांत मोठे नुकसान मानावे लागेल.

शेती मात्र थांबली नव्हती. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने १९८४ मध्ये दिलेले एनएचएच-४४ हे संकरित वाण, शेतकऱ्यांच्या तोंडी ‘नांदेड-४४’, कोरडवाहू जमिनीत दीर्घकाळ चालले. लातूरकडे मात्र कापसाची जागा पुढे सोयाबीन आणि तुरीने घेतली.

गिरणीखेरीज दुसरी वाट खादीची. हैदराबाद मुक्तिसंग्रामातील नेत्यांच्या पुढाकारातून, स्वामी रामानंद तीर्थ आणि गोविंदभाई श्रॉफ यांच्या प्रेरणेने, मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती उभी राहिली. तिचे मुख्यालय नांदेडला आणि विणकामाचे एक महत्त्वाचे केंद्र लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला. अधिकृत मापाचा राष्ट्रध्वज करणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांत ही गणली जाते. ध्वजाचे काम कडक शिस्तीचे आहे. लांबी-रुंदीचे प्रमाण ३:२, रंगछटा, धाग्यांची संख्या, शिलाई, अशोकचक्राची छपाई, साऱ्याला भारतीय मानक ब्युरोचे नियम लागू. दोरी ओवायच्या पट्टीसाठी जाड खादी-डक वेगळे विणावे लागते. उदगीरला विणलेले कापड धुलाई आणि रंगाईसाठी अहमदाबादला जाते आणि नांदेडला परतून त्याचे ध्वज शिवले जातात. म्हणजे या अभिमानाच्या कामातही रंगाची कडी बाहेरचीच. ध्वजसंहितेतल्या ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने यंत्रावरच्या आणि पॉलिस्टरच्या ध्वजांना परवानगी मिळाली. त्यामुळे हातमागाच्या ध्वजाला स्वस्त स्पर्धक तयार झाला.

टी-शर्टचा इतिहास या सगळ्यापासून थोडा बाजूला पडतो. अमेरिकी नौदलाने विसाव्या शतकाच्या आरंभी गणवेशाखाली घालायला दिलेला हा बिनबटनाचा सदरा १९५०च्या दशकात हॉलिवूडने बाहेर घालायला शिकवला. त्याचे कापड मागावर विणलेले नसते. ते होजिअरी यंत्रावर, धाग्याच्या फासांनी तयार होते. नांदेडची सारी परंपरा माग आणि गिरणीची, त्यामुळे या कापडाचा धंदा इथे रुजलाच नाही. तो तमिळनाडूत तिरुपूरला एकवटला. नांदेड-लातूरचा छोटा व्यावसायिक कोरे टी-शर्ट तिथून किंवा मुंबईच्या घाऊक बाजारातून आणतो. त्याच्या हाती उरते ते चित्र, अक्षर, छपाई आणि गिऱ्हाईक.

या उरलेल्या कामातही बरेच कसब आहे. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये दर रंगाला वेगळी चौकट लागते. चौकटीचा खर्च नगांवर वाटला जातो, म्हणून एकाच रंगातली शे-दीडशे नगांची ऑर्डर परवडते आणि पाच नगांची परवडत नाही. शिवजयंती, आंबेडकर जयंती, गणेशोत्सव, क्रिकेटच्या स्पर्धा, लातूरच्या खासगी शिकवण्या यांचे काम म्हणूनच या धंद्याचा कणा ठरते. सब्लिमेशनची छपाई पॉलिस्टरवरच धरते, सुतीवर नाही. अलीकडची डीटीएफ पद्धत चित्र आधी फिल्मवर छापते, त्यावर चिकट पूड भाजते आणि उष्ण दाबयंत्राने कापडावर उतरवते. तिने एकच नग छापणेही शक्य केले आणि नवख्याला कमी भांडवलात दार उघडून दिले. देवनागरी अक्षरांना मात्र वेगळी काळजी लागते. बारीक शिरोरेषा किंवा जोडाक्षरातली फट चौकटीच्या जाळीतून उतरताना शाईने भरून जाते, तेव्हा अक्षर छपाईसाठी मुद्दाम ठसठशीत काढावे लागते.

भांडवलासाठी २००८ पासून पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचे कर्ज आहे. ग्रामीण भागातील सर्वसाधारण गटाला प्रकल्पखर्चाच्या २५ टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती अशा विशेष गटांना ३५ टक्के अनुदान त्यात मिळते. देशपातळीवर ही योजना खादी आणि ग्रामोद्योग आयोग राबवतो. म्हणजे उदगीरच्या खादीमागे उभा असलेला हा आयोगच डीटीएफ यंत्राच्या कर्जप्रकरणापर्यंत पोचतो. छपाईचा हा धंदा हंगामी आहे. जयंती आणि उत्सवांच्या आधीचे काही आठवडे रात्रंदिवस काम चालते आणि मधले महिने शाळांच्या गणवेशावर, दुकानांच्या फुटकळ कामावर काढावे लागतात.