अडलेली मालमोटार आणि कार्ब्युरेटर



आज पिंपरी-चिंचवड किंवा चाकणच्या रस्त्याला उभे राहिले, तर मालमोटारींची रांग सरता सरत नाही. त्यांतील बहुतेक डिझेलवर चालतात. पण दुसरे महायुद्ध संपल्यावर लष्कराकडून विक्रीस निघालेल्या शेव्हरोलेट, फोर्ड, डॉज अशा कित्येक मालमोटारी पेट्रोलच्या होत्या. त्या गाड्यांत कार्ब्युरेटर असे.

पेट्रोलचा फवारा हवेत मिसळणारा कार्ब्युरेटर मायबाख या जर्मन यंत्रज्ञाने 1893 मध्ये केला. त्याचे काम एवढेच, की एक शेर पेट्रोलला सुमारे पंधरा शेर हवा मिळावी. पाण्याच्या टाकीतला चेंडू जशी तोटी बंद करतो, तसा आतला तरंगता डबा पेट्रोलची पातळी राखतो. तेथून पितळी जेटच्या बारीक छिद्रातून पेट्रोल हवेत जाते.

गाडी अडली की पहिला आळ यायचा तो कार्ब्युरेटरवर. जाणता मिस्त्री मात्र टाकीपासून सुरुवात करी. झाकणातले हवेचे छिद्र बुजले, तरी पेट्रोल पुढे सरकत नाही. मग नळी, गाळणी, पंप आणि शेवटी ठिणगी. एवढे ठीक असेल, तरच कार्ब्युरेटर खोलायचा.

काळा धूर, प्लग काजळलेला, म्हणजे पेट्रोल जास्त: चोक अडकला असेल, डब्याला भोक पडले असेल किंवा हवेची गाळणी धुळीने भरली असेल. इंजिन उलटे खोकते, प्लग पांढरा, म्हणजे पेट्रोल कमी: जेट तुंबले किंवा सांध्यातून हवा शिरते. जेट फुंकून साफ करावे; तार घातली की छिद्र मोठे होते आणि दुखणे कायमचे जडते.

उन्हाळ्यात बोरघाट चढताना नळीतच पेट्रोलची वाफ होई. तेव्हा पंपावर ओले फडके टाकून थांबायचे. तेथे पाना काढून काय उपयोग?

1954 साली जमशेदपूरला टाटा-मर्सिडीजच्या डिझेल मालमोटारी निघू लागल्या. डिझेल इंजिनाला कार्ब्युरेटर लागत नाही. टेल्को 1966 मध्ये पुण्याला आली, आणि 1977 साली येथूनही मालमोटार बाहेर पडली. कार्ब्युरेटर उरला तो आकुर्डीच्या स्कूटरीसारख्या लहान गाड्यांत. 2020 च्या एप्रिलपासून धुराचे नियम कडक झाले आणि बहुतेक नव्या दुचाकींतूनही तो गेला.

तरी जुनी मालमोटार जपणारे हौशी आहेत. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबराला मानवत नाही आणि ओलावा ओढून घेते. म्हणून नळ्या व पंपाचा पडदा बदलावा, गाडी फार दिवस उभी ठेवायची असल्यास पेट्रोल काढून टाकावे.

ही विद्या जाणणारे हात आता थकले आहेत. शिक्षकांनी मुलांना एखाद्या जुन्या गॅरेजात न्यावे, मिस्त्रींना बोलते करावे. धुराचा रंग पाहून कारण कसे शोधायचे, हा शास्त्राचा धडा तेथे समोरच दिसेल.